व्हिएतनामच्या सापाला जायचंय? भाताचा हंगाम, धुकं, गावातला मुक्काम, सगळं एका जागी

व्हिएतनामला जाणारे आपले लोक हल्ली भरपूर वाढलेत आणि बहुतेकांचा प्लॅन एकच असतो, हनोई, हा लाँग बे, दा नांगचा तो मोठ्या हातांवरचा पूल, आणि मधे कुठेतरी टूरवाल्याने कोंबलेला "सापा एक दिवस". एका दिवसात सापा म्हणजे काय तर बसमधून उतरा, केबल कारने फान्सीपान शिखरावर जा, पांढऱ्या ढगात उभं राहून फोटो काढा, परत बस. मग घरी येऊन सांगायचं की सापात काही नाही, नुसतं धुकं आणि हॉटेलं. ते खोटंही नाही, सापा टाऊनमध्ये खरंच तेवढंच आहे. बघायचं आहे ते खालच्या दरीत, मुआँग होआ नावाच्या खोऱ्यात, जिथे डोंगर उतारावर वरपासून खालपर्यंत भातखाचरं आहेत आणि त्यात ह्मोंग, झाव, झाय लोकांची गावं. त्यासाठी कमीत कमी दोन रात्री पाहिजेत, तीन असतील तर उत्तम. त्या हिशोबानेच लिहितेय.

सापा व्हिएतनामच्या वायव्येला, लाओ काय प्रांतात, चीनच्या बॉर्डरजवळ, होआंग लिएन सोन डोंगररांगेत आहे. टाऊनची उंची साधारण १५०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईचा माथा (१६४६ मीटर) जेवढा उंच आहे त्याच्या जरासं खाली अख्खं शहर वसलंय. फ्रेंचांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हनोईच्या उकाड्यातून पळून यायला हे थंड हवेचं ठिकाण केलं, चौकातलं दगडी चर्च त्यांचंच.

आधी महिना ठरवा, तिकीट नंतर

इथे सगळं भातावर अवलंबून आहे. थंडीमुळे सापात वर्षाला एकच पीक घेतात, त्यामुळे एक महिना इकडेतिकडे झाला की तुम्ही इन्स्टाग्रामवर बघितलेलं चित्र दिसणार नाही.

मे ते जूनच्या मध्यापर्यंत पाणी भरायचा आणि लावणीचा काळ. खाचरात पाणी उभं असतं, आकाश त्यात दिसतं, बायका वाकून लावणी करत असतात, रेडे चिखलणीला जुंपलेले. मला विचाराल तर हा काळ पिवळ्या भातापेक्षा भारी आहे आणि गर्दीही कमी असते. जुलै-ऑगस्ट सगळं हिरवंगार पण पाऊस धो धो, वाटा चिखलाच्या. ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य भात पिकतो, सगळी दरी पिवळी होते, आणि मग बघता बघता कापणी सुरू. खालची खाचरं आधी पिवळी होतात, वरची नंतर, त्यामुळे एका गावात कापणी झालेली असली तरी दुसऱ्या गावात उभं पीक मिळू शकतं, होमस्टेवाल्याला मेसेज करून ताजा फोटो मागवा, ते लगेच पाठवतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरला शेतात काही नाही, नुसती धसकटं, पण आकाश स्वच्छ आणि चालायला मस्त. डिसेंबर ते फेब्रुवारी कडाक्याची थंडी, दाट धुकं, कधी कधी बर्फसुद्धा पडतो आणि तेव्हा हनोईहून लोक तो बघायला धावत येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पीच आणि प्लमची फुलं.

आता टाळायचं काय ते. २ सप्टेंबर हा त्यांचा राष्ट्रीय दिन, मोठी सुट्टी, आणि नेमका पिवळ्या भाताच्या तोंडावर येतो, त्या तीन-चार दिवसांत सापात पाय ठेवायला जागा नसते आणि हॉटेलचे रेट दुप्पट. ३० एप्रिल-१ मे ला पण तेच. तेत म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, तेव्हा बस आणि दुकानं दोन्हीची पंचाईत. आणि जमलं तर शनिवार-रविवार सोडून या, अख्खं हनोई वीकेंडला इथे असतं.

पावसाळ्याबद्दल एक गोष्ट सिरियसली घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळाने याच लाओ काय प्रांतात लांग नू नावाचं गाव दरड येऊन गाडलं गेलं, डझनावारी माणसं गेली. माळीण, इर्शाळवाडी आपण बघितलंय, त्यामुळे जास्त सांगायची गरज नाही. जून ते सप्टेंबरात जाणार असाल तर हवामान खात्याचा वादळाचा इशारा असताना डोंगरात चढू नका, बुकिंगचे पैसे जाऊ देत. आणि कुठल्याही महिन्यात गेलात तरी परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री हनोईत असा, रस्ता बंद झाला तर हातात एक दिवस पाहिजे.

फक्त भातखाचरंच बघायची असतील आणि सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा हातात असेल तर मू कांग चायचा विचार करा. सापापेक्षा तिथलं भात जरा उशिरा पिकतं, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि ला पान तानची गोल गोल खाचरं तर बघतच राहावीत अशी. ते पूर्वी येन बाय प्रांतात होतं, जुलै २०२५ मध्ये येन बाय आणि लाओ काय एक झाले, त्यामुळे जुन्या माहितीत वेगळा प्रांत दिसला तर गोंधळू नका. तिथे सोयी कमी आहेत आणि शाकाहारी लोकांचे हाल जास्त, हे आधीच सांगून ठेवते.

व्हिसा आणि पैसे

भारतीय पासपोर्टला ई-व्हिसा लागतो. सिंगल एन्ट्री २५ डॉलर, मल्टिपल ५० डॉलर, ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंत मिळतो. सरकारी वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट व्हीएन असतं, ते नसेल तर ती एजंटची साइट आहे आणि तिथे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, गूगलवर सगळ्यात वर बऱ्याचदा याच साइट येतात. नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसं भरा, आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं ते गाळू नका, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर दोनदा तपासा, कारण चूक निघाली तर नवीन अर्ज आणि नवीन फी, भरलेले पैसे परत मिळत नाहीत. तीन वर्किंग डे म्हणतात पण दोन-तीन आठवडे आधी करून टाका. आल्यावर प्रिंट काढून ठेवा, मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच विचारतात.

चलन डोंग, आणि शून्यं इतकी की पहिले दोन दिवस डोकं चालत नाही. सोपा हिशोब असा, शेवटची तीन शून्यं उडवा, उरलं त्याला तीनने गुणा, आणि थोडं वर धरा. म्हणजे १ लाख डोंग साधारण ३३०-३४० रुपये. ५ लाखाची आणि २० हजाराची नोट दोन्ही निळसर आहेत, अंधारात टॅक्सीवाल्याला देताना हमखास घोळ होतो, तेव्हा ५ लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. गावात कार्ड चालत नाही, रोख लागते, एटीएम सापा टाऊनमध्येच वापरा. सिम व्हिएतेलचं घ्या, डोंगरात त्याचीच रेंज चांगली. आपली गोल दोन पिनची प्लग तिथे चालते, तीन पिनवाल्याला अडॅप्टर लागेल.

हनोईहून वर कसं जायचं

सापाला विमानतळ नाही. हनोईपासून साधारण ३०० किलोमीटर. २०१४ मध्ये नोई बाय (हनोईचा विमानतळ)-लाओ काय एक्सप्रेसवे झाला तेव्हापासून बस साडेपाच-सहा तासात पोचते, त्यामुळे बहुतेक लोक बसनेच जातात. तीन प्रकार आहेत. स्लीपर बस, ज्यात तीन रांगांत वर-खाली बर्थ असतात. केबिन बस, ज्यात पडदा लावलेली छोटी खोलीच मिळते, थोडी महाग पण बायकांना आणि ज्येष्ठांना हीच बरी. आणि लिमोझिन व्हॅन, नावावर जाऊ नका, नऊ-दहा सीटची आरामदायी व्हॅन असते एवढंच, ज्यांना आडवं पडून गाडी लागते त्यांनी ही घ्यावी. बसमध्ये चढताना चपला काढून पिशवीत टाकायला लावतात. सहा फुटी माणसाला साध्या स्लीपरच्या बर्थमध्ये पाय लांब करता येत नाहीत.

मी दिवसाची बस सुचवेन. रात्रीची बस पहाटे चारच्या सुमारास पोचते, उजाडेपर्यंत बसमध्येच झोपू देतात बऱ्याचदा, पण झोप कशी होणार, आणि मग त्याच दिवशी चालायला निघायचं म्हणजे अर्धी मजा गेली. ट्रेन पण आहे, रात्री हनोईहून निघते आणि साधारण आठ तासांनी लाओ कायला सोडते, तिथून पुढे ३५ एक किलोमीटरचा घाट मिनीबसने, तासभर. ट्रेनची हौस असेल तर जरूर जा, वेळ वाचवायला नको. शेवटचा घाट दोन्हीकडून आहेच, ज्यांना उलटीचा त्रास आहे त्यांनी लाओ काय यायच्या आधी गोळी घ्या.

मधे बस एकदा-दोनदा थांबते, तिथे शाकाहारी माणसाला केळी आणि बिस्किटांपलीकडे काही मिळेल याची खात्री नाही, दशम्या, चटणी, चिवडा जे काय असेल ते हाताशी ठेवा.

मुक्काम टाऊनमध्ये की गावात

पहिल्यांदा येणारा टाऊनमध्ये हॉटेल घेतो कारण फोटोत व्ह्यू भारी दिसतो. पण टाऊनमध्ये सतत कुठेतरी बांधकाम चालू असतं, रात्री लाइटिंग आणि स्पीकर, आणि व्ह्यूच्या समोर पुढच्या वर्षी दुसरं हॉटेल उभं राहतं. शिवाय टाऊनमधली मोठी हॉटेलं बहुतेक बाहेरून आलेल्या किन्ह म्हणजे बहुसंख्य व्हिएतनामी लोकांची किंवा कंपन्यांची आहेत, ज्यांची खाचरं बघायला आपण आलोय त्यांच्याकडे त्यातलं फारसं जात नाही.

माझं मत, पहिली रात्र हवी तर टाऊनमध्ये काढा आणि बाकीच्या गावात. ता वान हे सगळ्यात सोपं गाव, टाऊनपासून नऊ-दहा किलोमीटर, नदीकाठी, गाडी थेट जाते, झाय लोकांची वस्ती जास्त, होमस्टे भरपूर, कॅफेसुद्धा झालेत. काहींना ते आता फारच टुरिस्टी वाटतं, पण लहान मुलं किंवा आईवडील बरोबर असतील तर हेच घ्या. लाओ चाय त्याच्या अलीकडे, काळ्या ह्मोंगांचं (काळे, लाल ही नावं पोशाखाच्या रंगावरून), मोकळी खाचरं. ता फिन वेगळ्या दिशेला, १२ एक किलोमीटर, तिथे लाल झाव आणि ह्मोंग, गर्दी कमी. कॅट कॅट गाव टाऊनला अगदी लागून, दोन-तीन किलोमीटर, दीड लाख डोंगच्या आसपास तिकीट, आत भाड्याने पोशाख घालून फोटो काढणाऱ्यांची जत्रा. पाण्यावर चालणारी भात कांडायची उखळं आणि धबधबा बघायचा असेल तर सकाळी आठच्या आत जाऊन या, नंतर नको. उतरताना पायऱ्याच पायऱ्या आहेत आणि तेवढ्याच परत चढायच्या, गुडघेवाल्यांनी विचार करा.

होमस्टे म्हणजे लाकडी घराच्या माळ्यावर गाद्या, मच्छरदाणी, मधे पडदे, संडास-बाथरूम खाली किंवा बाहेर. हल्ली स्वतंत्र खोल्याही मिळतात. बुक करताना चार गोष्टी विचारा: गरम पाणी, थंडीत इलेक्ट्रिक ब्लँकेट (भिंतीच्या फटीतून वारा येतो, डिसेंबर-जानेवारीत ही चैन नाही, गरज आहे), रात्रीचं जेवण धरून आहे का, आणि गाडी दारापर्यंत येते का की शेवटचा अर्धा किलोमीटर बॅग डोक्यावर. मोठी सूटकेस हनोईच्या हॉटेलात ठेवून या, बहुतेक ठिकाणी फुकट ठेवतात. रात्री सगळे एकत्र जेवायला बसतात आणि घरची तांदळाची दारू छोट्या कपातून फिरते, नको असेल तर पहिल्याच कपाला हसून नाही म्हणा, एकदा घेतल्यावर मग थांबवणं अवघड जातं.

धुक्याचं काय करायचं

हा भाग नीट वाचा कारण बहुतेकांची ट्रिप इथेच फसते. सापाचं धुकं म्हणजे पावसाळ्यात माळशेजला जसा ढगच रस्त्यावर उतरतो तसं, समोरचा माणूस दिसत नाही. लोक हॉटेलच्या बाल्कनीत बसून वाट बघत राहतात की आता जाईल, मग जाईल. पण ढगाला जाडी असते, तळ असतो आणि वरची बाजू असते. टाऊन १५०० मीटरवर, ता वान हजार मीटरच्या आसपास, आणि फान्सीपान शिखर तीन हजारांच्या वर. टाऊन ढगात बुडालेलं असताना खाली दरीत बऱ्याचदा स्वच्छ असतं, फक्त वर छत घातल्यासारखे ढग. आणि कधी कधी शिखर ढगाच्या वर असतं. तेव्हा धुकं दिसलं की एक तर खाली उतरा नाहीतर एकदम वर जा, मधे थांबू नका. होमस्टेवाल्याला फोन करून विचारा खाली दिसतंय का, तो खरं सांगतो.

दुसरं म्हणजे केबल कारचं तिकीट आधीपासून एका तारखेला बांधून ठेवू नका. जेवढे दिवस आहात त्यातली जी सकाळ चांगली निघेल ती शिखराला द्या आणि बाकीच्या दिवशी चाला. हलक्या धुक्यात चालायला उलट मजा येते, ऊन लागत नाही आणि खाचरं एकेक पायरी करत समोर येतात. फक्त धुक्यात गाइडशिवाय पायवाटांवर जाऊ नका आणि रात्री घाटात स्कूटर चालवू नका.

चालायचा मार्ग

नेहमीचा आणि चांगला रस्ता असा: सापाहून इ लिन्ह हो, तिथून लाओ चाय, तिथून ता वान, बारा किलोमीटरच्या आसपास, रमतगमत चार-पाच तास, मधे जेवण. जास्त उतारच आहे पण पावसानंतर तो उतार म्हणजे घसरगुंडी. ता वानला मुक्काम. दुसऱ्या दिवशी ता वानहून बांबूच्या जंगलातून आणि धबधब्यावरून झांग ता चाय या लाल झाव लोकांच्या गावाला, आणि तिथून गाडीने परत टाऊन. ज्यांना एवढं चालायचं नाही त्यांनी ता वानला गाडीने जावं आणि गावातल्या गावात नदीच्या दोन्ही बाजूंनी दोन-तीन तास फिरावं, दिसायचं ते सगळं दिसतं.

गाइड घ्याच, आणि शक्यतो गावातली ह्मोंग किंवा झाव बाई घ्या. या बायकांनी टुरिस्टांशी बोलून बोलून इंग्रजी शिकलंय, काही जणी शाळेत फारशा गेलेल्या नाहीत पण इंग्रजी फाडफाड. सापा सिस्टर्स आणि सापा ओचाऊ अशा स्थानिक लोकांनी उभ्या केलेल्या संस्था आहेत, त्यांच्याकडून घेता येते, किंवा होमस्टेच्या मालकिणीची बहीण-वहिनी कोणीतरी असतेच. गाइडला खाचरांबद्दल विचारा. वरच्या जंगलातून पाट काढून पाणी पहिल्या खाचरात सोडतात आणि ते एकातून एक खाली झिरपत येतं, म्हणून डोंगरमाथ्यावरची झाडं टिकवणं या लोकांच्या दृष्टीने शेतीचाच भाग. त्याच जंगलाच्या सावलीत ते थाओ क्वा लावतात, आपल्या मसाला वेलचीची चुलत बहीण, धुरावर वाळवतात, वास घेतलात तर गोडा मसाला आठवेल.

बांधावरून चालताना कडेवर पाय देऊ नका, मातीचा बांध ढासळला तर खालच्या तीन खाचरांचं पाणी जातं. आपल्यापैकी ज्यांचं गाव कोकणात किंवा मावळात आहे त्यांना हे सांगायला नको, पण फोटोसाठी बांधावर बसणारे बघितलेत म्हणून लिहिलं.

बूट: स्वतःचे ट्रेकिंग शूज चालतात पण खूप चिखल असेल तर टाऊनमध्ये गमबूट भाड्याने मिळतात, ते घ्या. पातळ कपड्यांचे दोन-तीन थर, रेनकोट (छत्री बांधावर उपयोगाची नाही), मोज्यांच्या जास्तीच्या जोड्या, टॉर्च. धुक्याच्या दिवसांत धुतलेले कपडे वाळत नाहीत हे लक्षात ठेवून कपडे घ्या.

बरोबर चालणाऱ्या बायका आणि खरेदी

टाऊनमधून निघालात की तीन-चार ह्मोंग बायका तुमच्याबरोबर चालायला लागतात. नाव काय, कुठून आलात, किती मुलं, घसरड्या जागी हात धरतात, गवताचा घोडा करून देतात. गाव आलं की टोपल्यातून पिशव्या निघतात, "मी तुझ्याबरोबर आले, आता तू माझ्याकडून घे". अनेकांना यात फसवलं गेल्यासारखं वाटतं. मला यात फसवणूक दिसत नाही, दोन तासांची मदत आहे आणि ती तिचा धंदा आहे, फक्त घ्यायचं नसेल तर अगदी सुरुवातीलाच सांगा की मी काही विकत घेणार नाही, हसून पण स्पष्ट. "बघू, नंतर" म्हटलंत तर तिने तो होकार धरला आणि ती चूक तिची नाही.

मुलांकडून मात्र काहीच घेऊ नका, पैसे-चॉकलेटही देऊ नका. वीकेंडला चौकात पाठीवर तान्हं बाळ बांधून नाचणारी, ब्रेसलेट विकणारी लहान पोरं दिसतात, वाईट वाटतं, पण तिथे जास्त कमाई झाली की शाळा सुटते, आणि सरकारचे फलकही हेच सांगतात. द्यायचंच असेल तर त्यांच्या आईकडून कापड घ्या.

कापडाचं सांगते. ह्मोंग लोक अंबाडीसारख्या दिसणाऱ्या हेम्पच्या धाग्याचं कापड विणतात, त्यावर मेणाने नक्षी काढून निळीत बुडवतात, नीळ त्यांच्या दाराशीच पिंपात भिजत असते आणि बायकांची बोटं निळी-काळी असतात. असं खरं कापड जाड, जरा खरबरीत, आणि महाग असतं. टाऊनच्या बाजारातलं चकचकीत स्वस्त बरंचसं मशीनवरचं, चीनहून आलेलं. घासाघीस करा पण निम्म्याच्या खाली आणायचा हट्ट नको, एका जॅकेटमागे महिन्यांची मेहनत असते. आणि नवीन निळीचं कापड रंग सोडतं, वेगळ्या प्लास्टिक पिशवीत बांधा, घरी पहिले काही वॉश वेगळे.

कोण कोण राहतं आणि कसं वागायचं

व्हिएतनाममध्ये सरकारी यादीत ५४ समाज आहेत, त्यात किन्ह बहुसंख्य. सापात सगळ्यात जास्त ह्मोंग, मग लाल झाव, ताय, झाय, आणि थोडे शा फो. ढोबळमानाने ताय आणि झाय खाली पाण्याजवळ, ह्मोंग आणि झाव वर. लाल झाव बायका डोक्याला मोठा लाल फेटा बांधतात आणि बऱ्याच जणी भुवया काढून टाकतात. त्यांचं औषधी पानांचं स्नान प्रसिद्ध आहे, लाकडी पिंपात गरम काढ्यात बसायचं, ता फिनला घ्या, दिवसभर चालून आल्यावर. रिकाम्या पोटी जाऊ नका, आणि वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, चक्कर येते. बीपीवाल्यांनी आणि गरोदर बायकांनी टाळा.

फोटो काढायच्या आधी विचारा, म्हाताऱ्या बायकांना तर नक्कीच. घरात शिरताना चपला बाहेर. दारावर ताज्या हिरव्या फांद्या टांगलेल्या दिसल्या तर बाहेरच्यांना आत यायला मनाई असू शकते, हाक मारून थांबा. देवघरासारखी जागा असते तिथे बॅग ठेवू नका आणि त्याला पाठ टेकून बसू नका.

खाणं, विशेषतः शाकाहारी लोकांसाठी

मांसाहारी असाल तर मजा आहे, थंड पाण्यातल्या माशांचा हॉटपॉट, कोळशावर भाजलेले स्क्युअर्स, भाजलेली अंडी. थांग को नावाचा ह्मोंग रस्सा घोड्याच्या मांसाचा असतो, विचारून खा.

शाकाहारींनी एक वाक्य पाठ करा, "तोय आन चाय", म्हणजे मी शाकाहारी खाते. पण त्यांच्या दृष्टीने फिश सॉस हे मीठच, भाजीत पडतोच, म्हणून फोनवर व्हिएतनामीत लिहून ठेवा: मांस नाही, मासे नाही, फिश सॉस नाही, सूप हाडांचं नको. अंडं चालत असेल तर तेही लिहा, पर्याय एकदम वाढतात. होमस्टेमध्ये आदल्या दिवशी सांगितलं तर टोफू टोमॅटोत, परतलेली पालेभाजी, बटाटे, भात, असं पोटभर जेवण मिळतं, आणि नाश्त्याला केळ्याचं पॅनकेक. पाच रंगांचा चिकट भात मिळाला तर खा, रंग झाडपाल्याचे असतात. टाऊनमध्ये इंडियन रेस्टॉरंटही आहेत, ग्रुपमधल्या काकांना दोन दिवसांनी वरण लागणारच, तेव्हा उपयोगी. जैन लोकांनी रेडी-टू-ईट पाकिटं घेऊनच यावं, गावात गरम पाणी कुठेही देतात.

फान्सीपान आणि बाकीचं

फान्सीपान ३१४३ मीटर (२०१९ च्या मोजणीत ३१४७), व्हिएतनाम-लाओस-कंबोडिया तिन्ही देशांतलं सगळ्यात उंच. २०१६ पासून केबल कार आहे, सव्वासहा किलोमीटर लांब, पंधरा मिनिटं, तिकीट आठ लाख डोंगच्या घरात. जाताना खाली खाचरं दिसतात तो भाग सगळ्यात सुंदर, वर मोठमोठी मंदिरं, बुद्धाची मूर्ती, आणि शिखरापर्यंत सहाशेच्या आसपास पायऱ्या, नको असतील तर वेगळं तिकीट काढून छोटी रेल्वे. टाऊनपेक्षा वर आठ-दहा डिग्रीने थंड असतं, जॅकेट न्या, आणि एकदम एवढं वर आल्यावर पायऱ्या हळू चढा. आकाश साफ नसेल तर सरळ सोडून द्या, अडीच-तीन हजार रुपये ढगात घालवायची गरज नाही.

ओ क्वी हो घाट टाऊनपासून जवळ, वर सुमारे दोन हजार मीटर, वाटेत सिल्व्हर धबधबा. सापाच्या बाजूला धुकं असताना घाट ओलांडून शेजारच्या लाय चाऊ प्रांताच्या बाजूला गेलं की अनेकदा लख्ख ऊन, एका दिवसासाठी गाडी केली तर वसूल. रविवार हातात असेल तर बाक हा नावाच्या गावचा बाजार, १०० किलोमीटरच्या आसपास, जाऊन येऊन दिवस जातो, पहाटे निघा. फुलवाले ह्मोंग, म्हणजे रंगीबेरंगी पोशाखाचे, आणि रेड्यांचा बाजार. शनिवारी मुक्काम बाक हालाच केला तर जास्त चांगलं, टूरच्या गाड्या साडेनऊ-दहाला येतात त्याच्या आत सगळं बघून होतं.

स्कूटरबद्दल. भाड्याने कोणीही देतो, लायसन्स विचारत नाही. पण आपल्याकडे मिळणारं इंटरनॅशनल परमिट १९४९ च्या करारावरचं असतं आणि व्हिएतनाम १९६८ चा करार मानतो, म्हणजे कायद्याने ते तिथे चालत नाही आणि अपघात झाला तर ट्रॅव्हल इन्शुरन्स हात वर करू शकतो. धुकं, ओला घाट, समोरून ट्रक, त्यात हे. गाडी-ड्रायव्हर घ्या किंवा गावातल्या बाइकवाल्याच्या मागे बसा.

परतीची बस दुपारी दोन-तीनची घ्या, म्हणजे सकाळी दरीत एक फेरी होते आणि रात्री नऊच्या सुमारास हनोई. रविवारी दुपारच्या बस आधी भरतात, तिकीट जातानाच काढा. आणि हनोई शहरात जायचंच नसेल, थेट विमान पकडायचं असेल किंवा एअरपोर्टजवळ झोपायचं असेल, तर बुक करतानाच सांगा, एक्सप्रेसवे नोई बायलाच उतरतो आणि बऱ्याच बस विमानतळाच्या फाट्यावर सोडतात, पण ड्रायव्हरला लाओ काय सोडायच्या आत एकदा आठवण करा, नाहीतर तो झोपलेल्या माणसाला थेट हनोईच्या ओल्ड क्वार्टरला नेऊन उतरवतो आणि मग परत तासभर टॅक्सी.